बहिष्कार आणि पुरस्कार : एका शब्दजोडीचा अर्थविचार

१

सार्वजनिक जीवनातील संघर्ष जेव्हा बाजारपेठेत उतरतो, तेव्हा भाषेलाही त्याची दखल घ्यावी लागते. एखाद्या विक्रेत्याकडून माल न घेण्याचा निश्चय एका पक्षाने केला, की त्या विक्रेत्याकडूनच मुद्दाम माल घेण्याचा निश्चय दुसरा पक्ष करतो. यातील पहिल्या कृतीला मराठीत ‘बहिष्कार’ हा रूढ शब्द आहे. दुसऱ्या कृतीला मात्र सर्वमान्य शब्द नाही. अमेरिकेतील शस्त्रहक्काच्या वादातून या दुसऱ्या कृतीचे एक स्वच्छ उदाहरण हाती लागते. त्याच्या आधारे या दोन्ही कृतींचा, आणि त्यांना नाव देणाऱ्या शब्दांचा, विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्दांकडे वळू. ‘बहिष्कार’ हा शब्द ‘बहिस्’ या अव्ययापासून, तर ‘पुरस्कार’ हा ‘पुरस्’ या अव्ययापासून ‘कृ’ धातूच्या योगाने सिद्ध होतो. पहिल्यात इकारानंतरच्या सकाराचा षकार होतो. दुसऱ्यात अकारानंतरचा सकार तसाच राहतो. घडण एकच, दिशा मात्र भिन्न : एक बाहेर घालविण्याची, दुसरी पुढे ठेवण्याची. ‘पुरस्कार’ म्हणजे बक्षीस हा अर्थ आज प्रबळ असला, तरी ‘मताचा पुरस्कार करणे’, ‘चळवळीचा पुरस्कर्ता’ या प्रयोगांत मूळ अर्थ अद्याप जिवंत आहे.

इंग्रजीतील ‘बॉयकॉट’ या शब्दाची कथा निराळी आहे. तो मुळात एका माणसाचे आडनाव. आयर्लंडच्या मेयो परगण्यातील जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्याशी १८८० साली कुळांनी सर्व व्यवहार तोडले आणि त्या कृतीलाच त्याचे नाव चिकटले. पुढे या शब्दाचे पहिले अक्षर किंचित बदलून, खरेदी या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यात गोवून, ‘बायकॉट’ असा प्रतिशब्द घडविण्यात आला. ही श्लेषाची करामत मराठीत उतरणार नाही. परंतु उतरण्याची गरजही नाही, कारण ‘बहिष्कारा’ची जोडी मराठीत आधीपासून तयार आहे.

२

अमेरिकन राज्यघटनेतील १७९१ सालची दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याच्या हक्काशी संबंधित आहे. हा हक्क व्यक्तीचा आहे, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. अनेक राज्यांत कमरेला पिस्तूल उघडपणे लावून हिंडण्यास कायद्याची आडकाठी नाही. २०१० साली कॅलिफोर्नियात या हक्काचे काही पुरस्कर्ते अशा रीतीने कॉफीगृहांतून जमू लागले. काही उपाहारगृहांनी त्यांना मज्जाव केला. स्टारबक्स या कंपनीने मात्र स्थानिक कायद्याला जे मान्य ते आपल्यालाही मान्य, अशी भूमिका घेतली. ही भूमिका तटस्थतेची होती. निदान कंपनीचा तसा दावा होता.

शस्त्रनियंत्रणाच्या बाजूच्या एका संघटनेने १४ फेब्रुवारी २०१२ पासून या कंपनीवर बहिष्कार पुकारला. शस्त्रहक्काच्या समर्थकांनी त्याच दिवशी कंपनीच्या दुकानांत जाऊन आवर्जून कॉफी घेण्याचे आवाहन केले, आणि पैसे दोन डॉलरच्या नोटांनी चुकते करावेत असे सुचविले. या नोटेची योजना अर्थपूर्ण होती. पैशाला वाणी नसते. गल्ल्यात पडलेले नाणे तहानेने आले की तत्त्वनिष्ठेने, हे सांगता येत नाही. दोन डॉलरची नोट व्यवहारात क्वचितच आढळते, आणि तिच्यावरील आकडा घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीची आठवण करून देतो. म्हणून संध्याकाळी गल्ला मोजताना अशा नोटा निघाल्या, की त्या जणू सह्या केलेल्या निवेदनाचे काम करीत. मुक्या खरेदीला त्या नोटेने वाचा दिली.

बहिष्काराला ही सोय नसते. जो ग्राहक आलाच नाही, त्याच्या न येण्याचे कारण दुकानदाराला कोण सांगणार? अनुपस्थितीला प्रवक्ता लागतो. उपस्थिती स्वतःची खूण स्वतः सोडून जाऊ शकते. प्रतिबहिष्काराचे बळ या भेदात आहे.

परंतु त्याची मर्यादाही लवकरच उघड झाली. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकट राज्यातील न्यूटाउन येथील शाळेत एका बंदूकधाऱ्याने २० मुले आणि ६ प्रौढ यांची हत्या केली. ९ ऑगस्ट २०१३ रोजी शस्त्रहक्कसमर्थकांनी पुन्हा कंपनीच्या गौरवाचा दिवस पाळावयाचे ठरविले, तेव्हा न्यूटाउनमधील दुकान गावाच्या दुःखाचा मान राखून वेळेआधीच बंद करण्यात आले. ज्याच्या सन्मानासाठी पाहुणे यायचे, त्यानेच दार लावून घेतले. पुढच्या महिन्यात कंपनीचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी खुले पत्र लिहून ग्राहकांना शस्त्रे दुकानात न आणण्याची विनंती केली. ती बंदी नव्हती. मात्र आपली दुकाने राजकीय रंगमंच बनविली गेली आणि आपण उघड्या शस्त्रांचे कैवारी आहोत असे चित्र खोटेपणाने रंगविले गेले, ही तक्रार त्यात स्पष्ट होती.

हे हत्यार एकाच पक्षाचे आहे, असे मात्र समजू नये. स्मिथ अँड वेसन या शस्त्रनिर्मात्या कंपनीने मार्च २००० मध्ये क्लिंटन प्रशासनाशी सुरक्षाविषयक करार केला, तेव्हा शस्त्रहक्काच्या समर्थकांनीच तिच्यावर बहिष्कार टाकला. १९८७ साली सुमारे ११ कोटी डॉलरना घेतलेली ही कंपनी तिच्या ब्रिटिश मालकांनी २००१ साली अवघ्या दीड कोटीला विकली. येथे ग्राहक हेच हक्काचे पुरस्कर्ते होते, म्हणून त्यांच्या पाठ फिरविण्याला धार होती.

३

प्रतिबहिष्कार ही आधुनिक ग्राहकवर्गाची निर्मिती आहे, असा समज होण्याचा संभव आहे. तो खरा नाही. खुद्द कॅप्टन बॉयकॉटच्या मदतीला नोव्हेंबर १८८० मध्ये कॅव्हन व मोनाहन या परगण्यांतून सुमारे ५० मजूर आले. कुळांनी टाकलेले पीक काढून देणे हे त्यांचे काम. त्यांच्या संरक्षणाला मोठे सैन्य. सुमारे ५०० पौंडांचे पीक वाचविण्यासाठी १०,००० पौंड खर्ची पडले, असा अंदाज नेहमी दिला जातो. पीक निघाले, पण बॉयकॉटला त्याच महिन्याच्या अखेरीस मळा सोडून जावे लागले. मदत करणाऱ्यांना बॉयकॉटच्या शेतापेक्षा आपल्या पक्षाची शान प्रिय होती. बहिष्काराची सुरुवात जेथे झाली, तेथेच पुरस्काराचा हा दोषही जन्माला आला.

४

भारतीय संदर्भात या शब्दजोडीला आणखी एक परिमाण आहे. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत विलायती मालावरील बहिष्काराचा ठराव झाला, आणि पुढे स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री टिळकांच्या राजकारणाची ओळख ठरली. येथे बहिष्कार आणि पुरस्कार एकाच पक्षाच्या हातात होते : विलायती माल टाकावयाचा तो देशी माल घेण्यासाठी. व. उ. चिदंबरम् पिळ्ळै यांनी १९०६ साली स्थापलेल्या स्वदेशी नौकानयन कंपनीचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. ब्रिटिश कंपनीने तुतिकोरिन-कोलंबो मार्गावरील भाडे नाममात्र केले, तरी स्वदेशीचे अभिमानी प्रवासी देशी जहाजाचे तिकीट काढीत. अमेरिकेतील कॉफीच्या पेल्यापेक्षा हा पुरस्कार महाग होता, आणि तो ज्याला दिला जाई त्याला हवाही होता. १९०८ साली पिळ्ळै तुरुंगात गेले आणि १९११ साली कंपनी बुडाली. केवळ ग्राहकांच्या निष्ठेवर जहाजे फार काळ तरंगत नाहीत, हा त्यातील कटू बोध.

मराठीत मात्र ‘बहिष्कार’ शब्दावर याहून जुनी छाया आहे. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमधील चहापानाची यादी वृत्तपत्रात झळकली आणि टिळक, रानडे आदींवर ग्रामण्य उभे राहिले. एक पेला चहा हे तेव्हा मतप्रदर्शन ठरले, जसे सव्वाशे वर्षांनी अमेरिकेत कॉफीचा पेला ठरला. साम्य येथेच संपते. जातीच्या बहिष्कारात संसर्गाचा नियम असे. महापातक्याशी संसर्ग हे धर्मशास्त्राने पाचवे महापातक मानले होते. वाळीत टाकलेल्याच्या पंक्तीला जो बसेल, तोही वाळीत पडे. त्यामुळे बहिष्कृताच्या बाजूने उभे राहणाऱ्याला आपले घरदार पणाला लावावे लागे. दुकानातून कॉफी घेणाऱ्याला फार तर कॉफीचे दाम पडतात.

याच भाषेत डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले, तेव्हा त्या शब्दातील ‘बाहेर’ हा अर्थ अक्षरशः खरा होता : पाणवठ्याबाहेर, देवळाबाहेर, गावाबाहेर. महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून ही छाया किती लांब आहे हे कळते.

५

मराठीत एकाच शब्दाने दोन अगदी भिन्न कृती सांगितल्या जातात. जातीने टाकलेल्या बहिष्कारात बहिष्कृत बाहेर फेकला जातो आणि त्याला जावयास दुसरी जागा नसते. ग्राहकाच्या बहिष्कारात बाहेर पडतो तो बहिष्कार घालणारा. दुकान जागच्या जागी राहते. पहिला दंड आहे, दुसरा नकार. कोणत्याही बहिष्काराचे नैतिक मोल ठरविताना ज्याच्यावर तो पडला त्याला पर्याय उरतो काय, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो.

‘पुरस्कारा’चीही अशीच फोड करावी लागेल. स्वदेशीच्या जहाजाला प्रवाशांनी आधार म्हणून पुढे ठेवले. मेयोच्या मळ्याला आणि न्यूटाउनच्या दुकानाला समर्थकांनी ढाल म्हणून पुढे केले. एखाद्याला पुढे करणे आणि त्याच्या पाठीशी उभे राहणे यांत जे अंतर आहे, ते मराठी भाषेने या दोन वाक्प्रचारांत केव्हाच नोंदवून ठेवले आहे. खरेदीने व्यक्त होणाऱ्या समर्थनाला ‘क्रय-पुरस्कार’ असा पारिभाषिक शब्द वापरावयास हरकत नसावी. मात्र त्या शब्दात हे दोन्ही अर्थ दडलेले आहेत, याचे भान अभ्यासकाने सुटू देता कामा नये.