जुन्या तिकिटावर नवे नाव

सन १९४७ च्या ऑगस्ट महिन्यात हिंदुस्थानची फाळणी झाली व पाकिस्तान हे नवे राष्ट्र अस्तित्वात आले. फौजा वाटल्या गेल्या, खजिना वाटला गेला, कचेऱ्यांतील टेबल-खुर्च्यांचीही वाटणी झाली. परंतु टपालाची तिकिटे छापणारे सरकारी मुद्रणालय नाशिक रोड येथे होते. ते उचलून कोठे नेणार? आणि पत्रे तर थांबणार नव्हती. घरेदारे सोडून निघालेली माणसे सीमेच्या दोन्ही बाजूंस आप्तेष्टांच्या खुशालीची वाट पाहत होती.

नवे तिकीट काढणे हे चार दिवसांचे काम नव्हे. चित्रकाराने आकृती रेखाटावी, कारागिराने ती धातूवर कोरावी, तिच्यावरून छपाईचे ठसे तयार व्हावेत, यांत महिने जातात. पाकिस्तानची स्वतःची पहिली तिकिटे निघाली ती ९ जुलै १९४८ रोजी. तोपर्यंत काय करावे?

आरंभी काही आठवडे तेथे जुनीच तिकिटे चालली. मग नाशिकच्या मुद्रणालयात सहाव्या जॉर्ज बादशहाचे चित्र असलेले तयार तिकिटांचे ताव पुन्हा यंत्रावर चढले आणि त्यांवर काळ्या शाईत, रोमन लिपीत, ‘पाकिस्तान’ एवढा एकच शब्द उमटला. १ ऑक्टोबर १९४७ पासून ही तिकिटे त्या देशात विकली जाऊ लागली. कित्येक ठिकाणच्या टपालकचेऱ्यांना तेवढाही धीर धरवला नाही. त्यांनी हाताने शिक्के मारून आपले काम भागवले.

छापलेल्या मजकुरावर पुन्हा छापणे, यास अधिमुद्रण म्हणतात. ते वाटते तितके सोपे नाही. ताव केसभर सरकला तरी शब्द शेजारच्या तिकिटावर जातो. ताव उलटा लागला, तर त्यावरील सर्वच नावे डोक्यावर उभी राहतात! असे ताव वास्तविक रद्दीत जावयाचे. पण एखादा नजरचुकीने सुटतो आणि संग्राहक त्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात.

ही युक्ती जुनीच होती. ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानात १८८५ पासून व्हिक्टोरिया राणीच्या तिकिटांवर संस्थानाचे नाव छापले जाई, तेही इंग्रजी व देवनागरी अशा दोन्ही लिपींत. पुढे १९३७ मध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थानच्या कारभारातून वेगळा झाला, तेव्हा हिंदी तिकिटांवर त्याचेही नाव चढले.

भारताला स्वतःसाठीही तिचा उपयोग झाला. सन १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित भारतात आले. त्यांच्या साहाय्यार्थ १५ नोव्हेंबरपासून बहुतेक टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. नवे तिकीट तयार नव्हते. म्हणून कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ हे शब्द छापले गेले. काही शहरांत तर टपाल खात्याने ते स्थानिक रीत्याच छापून घेतले. निर्वासितांचे चित्र असलेले तिकीट १ डिसेंबरला आले. तोपर्यंतच्या पत्रांवर आईबाप व दोन मुलांचे ते जुने लाल चित्रच निर्वासितांसाठी पाच-पाच पैसे गोळा करीत होते.