हवा किती उतरली की दिवा लागावा?

प्रश्न : आमच्या नव्या गाडीत टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. मेव्हण्यांची गाडीही नवीच आहे, पण तिच्यात तो नाही. हा दिवा सक्तीचा आहे का? आणि हवा किती उतरल्यावर तो लागावा, हे कोण ठरवतं?

उत्तर : आपल्याकडे तो सरसकट सक्तीचा नाही. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने एवढंच केलं, की ज्या प्रवासी गाडीत हा इशारा देणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट दोन्ही असेल, तिला स्टेपनी नसली तरी चालेल. म्हणून मेव्हण्यांच्या गाडीत दिवा नसला, तरी त्यात बेकायदा काही नाही.

तुमचा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा, कारण त्यावरून अमेरिकेत सरकारला कोर्टात खेचलं गेलं होतं. २००० साली तिथे फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांचे फायरस्टोन टायर धावता धावता सोलून निघत आणि गाड्या उलटत. अडीचशेहून जास्त माणसं गेली. दोष टायरमध्ये होताच, शिवाय या गाडीसाठी फोर्डने सांगितलेली हवा होती फक्त २६ पीएसआय. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, त्यातून उष्णता वाढते आणि आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या संसदेने कायदा केला : टायरची हवा फार उतरली तर चालकाला गाडीनेच सांगितलं पाहिजे.

‘फार’ म्हणजे किती, यावरच घोडं अडलं. यंत्रणा दोन प्रकारची असते. एकीत प्रत्येक चाकात व्हॉल्व्हजवळ सेन्सर असतो; तो दाब मोजून रेडिओने कळवतो. दुसरी स्वस्त. ती एबीएसच्या सेन्सरवरून चाकांचा वेग पाहते. हवा गेलेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून इतरांपेक्षा भरभर फिरतं. पण चारही टायर सारखेच उतरले, तर त्या काळच्या अशा यंत्रणेला काहीच कळत नसे. आणि महिनोन्महिने हवा न तपासलेल्या गाडीत नेमकं हेच घडतं!

तरीही २००२ च्या नियमात वाहन कंपन्यांना पळवाट ठेवली गेली : एकाच टायरची हवा ३० टक्के उतरली तेव्हा दिवा लागला तरी पुरे. ग्राहक संघटना ‘पब्लिक सिटिझन’ कोर्टात गेली. ऑगस्ट २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयाने हा नियम कायद्याच्या हेतूशी विसंगत ठरवून रद्द केला. माझ्या मते तो निकाल अगदी योग्य होता. जो धोका सर्रास आढळतो तोच दिसत नसेल, तर अशा दिव्याने लोक उलट निर्धास्त होतात. एप्रिल २००५ मध्ये नवा नियम आला. एक असो वा चारही, टायरची हवा २५ टक्के उतरली की २० मिनिटांत दिवा लागलाच पाहिजे. तंत्र कोणतं वापरायचं, ते कंपनीने ठरवावं. सप्टेंबर २००७ पासून हे तिथल्या सगळ्या नव्या हलक्या वाहनांना लागू झालं. युरोपने नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना सक्ती केली आणि मर्यादा २० टक्क्यांची ठेवली. अशा नियमांमुळे स्वस्त यंत्रणाही सुधारली. आता ती चाकाच्या कंपनांवरून चारही टायरची उतरलेली हवा ओळखू शकते.

आता हिशेब करा. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय लिहिलं असेल, तर अमेरिकी मर्यादेने दिवा पेटेल पंचविसाच्या आसपास. तिथपर्यंत टायर बराच वेळ कमी हवेवर धावलेला असतो. समृद्धी महामार्गावर उन्हाळी दुपारी भरल्या गाडीने निघायचं, तर त्या दिव्याची वाट पाहू नका. सकाळी टायर थंड असतानाच हवा तपासा. थंडीत पहाटे दिवा लागून थोड्या वेळाने विझला, तर त्याला बिघाड समजू नका. तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने उतरलं की दाब सुमारे एक पीएसआयने घटतो. टायर काठावर होता, एवढाच त्याचा अर्थ.

आणि तुमच्या गाडीत चाकांचा वेग पाहणारी यंत्रणा असेल, तर हवा भरल्यावर रिसेट करावं लागतं. हवा न भरताच ते बटण दाबलं, तर यंत्रणा उतरलेल्या हवेलाच योग्य मानते आणि दिवा विझलेलाच राहतो.