पारदविरहित तापमापन व परीक्षण : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

शोधनावाचून पारद औषधात घेऊ नये, हे विद्यार्थीदशेतच आपल्या मनावर ठसते. तोच अशुद्ध पारद काचेच्या नळीत भरून रुग्णाच्या जिभेखाली ठेवताना मात्र आपण वर्षानुवर्षे निश्चिंत राहिलो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात गडचिरोली जिल्ह्यातील माझ्या दवाखान्यात, टेबलाच्या खणात ठेवलेला थर्मोमीटर आपोआप फुटला. कारण साधे होते. त्याची मोजपट्टी 42 अंश सेल्सिअसला संपते आणि आपल्याकडील उन्हाळा 46-47 अंशांपर्यंत जातो. मी ते कण केरसुणीने झाडले, ही माझी चूक. झाडल्याने पारद अधिक सूक्ष्म होऊन फटींत शिरतो व उष्णतेने त्याचे गंधहीन बाष्प होत राहते.

अशा दिवसांत हा थर्मोमीटर झटकून खाली आणला तरी पारा पुन्हा चढतो आणि ज्वर नसताना ज्वर दिसतो. डिजिटल थर्मोमीटरही या दोषापासून पूर्णतः मुक्त नाही. तोदेखील कमाल आकडाच धरून ठेवतो आणि बहुतेक उपकरणे 40 अंशांपर्यंतच्या खोलीसाठीच बनविलेली असतात. म्हणून त्याचे टोक माठातील पाण्यात क्षणभर बुडवून पुसावे, मगच उपकरण सुरू करावे. कपाळावर धरण्याचे इन्फ्रारेड यंत्र उन्हातून चालत आलेल्या रुग्णावर लगेच वापरू नये. त्यास सावलीत बसवून घाम पुसू द्यावा. रक्तदाबासाठी अॅनेरॉइड यंत्र चालते, मात्र दर सहा महिन्यांनी त्याची पडताळणी हवी.

प्रयोगशाळेतील पारद सहसा लक्षातच येत नाही. रक्तकण मोजण्याच्या हेयमच्या द्रावणात मर्क्युरिक क्लोराइड असते. त्याऐवजी फॉर्मल-सायट्रेट वापरता येते. कुड्याच्या सालीतील अल्कलॉइड तपासताना मेयरचे अभिकर्मक घेतले जाते, तेही पारदयुक्तच. ड्रॅगेनडॉर्फचे अभिकर्मक बिस्मथचे असून त्याने नारिंगी-तांबूस अवक्षेप स्पष्ट दिसतो.

औषधनिर्मात्यांनी तैलपाकाकडे विशेष लक्ष द्यावे. कढईत पारदाचा थर्मोमीटर फुटला तर तो सर्व पाक टाकूनच द्यावा लागतो. लाल अल्कोहोलचा साधा थर्मोमीटर पाकाच्या उष्णतेस पुरत नाही. पोलादी सळईचा डिजिटल तापमापक घ्यावा. पुटासाठी तर क्रोमेल-अॅल्युमेलचे थर्मोकपलच हवे, कारण पारद 357 अंशांनाच उकळतो.

मिनामाता करार 16 ऑगस्ट 2017 रोजी अमलात आला व भारताने जून 2018 मध्ये त्यास मान्यता दिली. पारदयुक्त थर्मोमीटर व रक्तदाबमापकांचे उत्पादन थांबविणे हा त्याचाच भाग आहे. एका थर्मोमीटरमध्ये सुमारे 1 ग्रॅम, तर जुन्या रक्तदाबमापकात 100 ग्रॅमच्या आसपास पारद असतो; तेव्हा आधी रक्तदाबमापक बदलावे.

पारद सांडल्यास खिडक्या उघडाव्यात, जाड कागदाने कण एकत्र करून पाणी असलेल्या बाटलीत बंद करावेत. उरलेल्या फटींत गंधकचूर्ण भुरभुरावे; कणांवर सल्फाइडाचा थर धरून बाष्प कमी होते. मात्र ती कज्जली नव्हे. असा गोळा केलेला पारद रसौषधीत वापरणे सर्वथा निषिद्ध समजावे. बाटलीवर नाव लिहून ती घातक कचरा म्हणून वेगळी ठेवावी आणि विल्हेवाटीसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयाकडे विचारणा करावी.