प्रश्न विचारणारी चित्रफीत

दिनांक 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगर परिसराला भूकंपाचा तीव्र धक्का बसला. त्यात सुमारे 180 व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि हजारो लोक बेघर झाले. त्यानंतरही या खोऱ्यात लहानमोठे धक्के बसतच आले आहेत. म्हणूनच भूकंपाच्या वेळी काय करावे, हे येथील विद्यार्थ्यांना केवळ ठाऊक असून भागत नाही. ते क्षणार्धात आठवले पाहिजे. यासाठी संवादी चित्रफीत, म्हणजेच इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ, हे शिक्षकांच्या हाती असलेले उपयुक्त साधन होय.

शिक्षणात चित्रफितीचा वापर महाराष्ट्राला नवा नाही. 1984 मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या ‘बालचित्रवाणी’ने दूरदर्शनसाठी अनेक वर्षे शैक्षणिक कार्यक्रम तयार केले. ती संस्था पुढे बंद झाली. ते माध्यम एकमार्गी होते. विद्यार्थ्याला काय समजले, हे पडद्याला कळत नसे. 2017 मध्ये केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून धडा मोबाइलवर उघडू लागला. तथापि, पाहणाऱ्याला विचार करावयास लावण्याचे काम धडा रचणाऱ्याकडेच राहते.

आधी कागद, मग कॅमेरा

‘वर्ग चालू असताना जमीन हादरते’ हा प्रसंग घ्यावा. चार मिनिटांची चित्रफीत पुरेशी आहे. प्रथम प्रसंगाचे तुकडे कागदावर मांडावेत. बाके हलू लागताच चित्र थांबावे आणि प्रश्न यावा: ‘तुम्ही प्रथम काय कराल?’ दाराकडे धावणे, बाकाखाली शिरून त्याचा पाय धरणे, खिडकीपाशी उभे राहणे, असे तीन पर्याय द्यावेत. उत्तर चुकल्यास नुसते ‘चूक’ म्हणू नये. दारातील चेंगराचेंगरी वा फुटणारी काच दाखवून पुन्हा प्रश्नाकडे आणावे. अशी दृश्ये रेखाचित्रांनी दाखवावीत. मुलांकडून ती करवून घेऊ नयेत. हादरे थांबल्यावर रांगेने मोकळ्या मैदानात जाणे, हा शेवटचा तुकडा.

चित्रणास साधा मोबाइल चालतो. आवाज मात्र स्पष्ट हवा. ‘एच-फाइव्ह-पी’ या मोफत साधनाद्वारे चित्रफितीच्या ठरावीक क्षणी प्रश्न बसविता येतो आणि चुकीच्या उत्तरानंतर कोणत्या क्षणाकडे न्यावे, हेही ठरविता येते.

वाडीपर्यंत पोचविणे

डोंगराळ भागात संपर्कजाळे क्षीण असते. सेकंदाला 2,000 किलोबिट या दराने चार मिनिटांची चित्रफीत सुमारे 60 एमबी होते. 500 किलोबिट दराने ती 15 एमबीत बसते. या धड्यास दुसरा दर पुरेसा आहे. ‘लुमी’सारख्या मोफत संपादकातून संपूर्ण धडा एका फाइलमध्ये उतरवून पेन ड्राइव्हने नेल्यास इंटरनेटशिवायही तो चालतो. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी संवाद अक्षरांतही द्यावेत.

ग्रामपंचायतीने पडदा वा संगणक उपलब्ध करून दिल्यास पालकांनाही हा धडा पाहता येईल. मात्र पडद्यावर अचूक उत्तर देणे म्हणजे सज्जता नव्हे. धडा दाखविल्यानंतर त्याच आठवड्यात शाळेत पूर्वसूचना न देता सराव घ्यावा. त्या वेळी जितकी मुले दाराकडे धावतील, तितके काम अद्याप बाकी आहे, असे समजून धड्यात सुधारणा करावी.