जुनी डिझेल सेडान घ्यावी का?

प्रश्न : मंठ्याहून जालन्याला रोज ये-जा आहे, शंभर किलोमीटरच्या वर. जुनी डिझेल डिझायर घ्यावी की होंडा सिटी? दोन्ही मॅन्युअलच बघतोय. डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात जाते म्हणतात, खरं का?
– एक वाचक, मंठा

उत्तर : ती भीती आधी सोडा. दहा वर्षांची भानगड दिल्ली आणि परिसरातली. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून नूतनीकरणही होतं.

एवढं रनिंग असेल तर डिझेल परवडतं. पण मारुतीने २०२० मध्ये आणि होंडाने २०२३ मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे सेकंडहँडच शोधा. सिटीचं १४९८ सीसी इंजिन ताकदवान आणि सहा गिअर, समृद्धीवर मजा येते. डिझायरला पाचच, पण तिचं १२४८ सीसी इंजिन गावोगावच्या मेकॅनिकला पाठ आहे. तुमच्या रस्त्याला मी डिझायर घेईन.

इंजिन थंड असतानाच सुरू करून बघा. विकणारा आधीच गरम करून ठेवतो. मग चढावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आवाज वाढला, वेग नाही, तर क्लचप्लेट संपली समजा आणि तेवढे पैसे कापून घ्या. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय इसारही देऊ नका.