चंचीतला खर्च आणि गोळीचा खर्च

मागच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी एका खेड्यातले आजोबा औशाच्या माझ्या दवाखान्यात आले. वय सत्तरीच्या पुढे. रक्तदाब १८०/११० भरला. गोळ्या चालू आहेत का, असे विचारले तेव्हा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दोन महिने झाले बंद केल्या. डोकं दुखत नाही, काही नाही. उगं पोरावर खर्च कशाला? तुम्ही एक सलाईन लावा, अशक्तपणा आलाय."

बोलता बोलता त्यांनी कंबरेची चंची सोडली. मी कागदावर हिशेब मांडला. तंबाखू-चुन्याचे रोज दहा रुपये, म्हणजे वर्षाला ३,६५० रुपये. आजोबा गप्प झाले.

वाचकहो, वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. तो मुकाट्याने मेंदू, हृदय व मूत्रपिंड यांच्या रक्तवाहिन्या खराब करतो. तंबाखूतील निकोटिनमुळे नाडीची गती व रक्तदाब आणखी वाढतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे आजीबाईंनीही ध्यानात ठेवावे. आणि सलाईन म्हणजे मुख्यतः मिठाचे किंवा साखरेचे पाणी. रक्तदाबाच्या रुग्णाला विनाकारण लावल्यास अपायच होतो. अर्धांगवायू झाला, तर लातूरला नेणे, स्कॅन, औषधे, शिवाय घरातल्या एकाची मजुरी बुडणार. गोळीचे वाचवलेले पैसे त्यात एका दिवसात जातात.

चूक एकट्या आजोबांची नव्हती. मागच्या वेळी मी चिठ्ठी लिहून दिली, पण "हे परवडेल का?" एवढे विचारायचे राहून गेले.

म्हणून काही सूचना :

१) रक्तदाब, मधुमेहाची गोळी स्वतःहून बंद करू नये. परवडत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, जेनेरिक औषध लिहून घ्यावे.

२) राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत.

३) सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळते. ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारासाठी आहे. रोजच्या गोळ्यांसाठी नाही.

४) दिवसभरात मीठ एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे. लोणचे, पापड त्यातच धरावेत.

५) तोंडात पांढरा-लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे, यांपैकी काही दिसल्यास ताबडतोब दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये.

६) तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

परवा आजोबा पुन्हा आले. गोळ्या ग्रामीण रुग्णालयातून घेतात. रक्तदाब १५०/९०. तंबाखू पुरती सुटलेली नाही, पण चंची घरी ठेवून आले होते. या वयात सवय सुटत नाही असे म्हणणाऱ्यांनी एवढे जरूर पाहावे. आपल्याही घरातील वडीलधाऱ्यांची गोळी चालू आहे ना, हे आजच विचारा.