दोन टी

चि. ऋतुजास,


तू पाठवलेला फोटो पाहिला. सिम्पायनं, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या तुझ्या त्या पायथन लायब्ररीनं, रिकामा कंस दिला आणि तू वहीत ‘उकल नाही’ असं लिहून मोकळी झालीस. उकल आहे गं. समीकरण तू साध्या टीवर मांडलंस. मग सहाव्या ओळीत ‘काळ ऋण कसा असेल?’ हे सुचलं आणि पॉझिटिव्ह असा नवा टी जाहीर केलास. पडद्यावर दोघंही टीच दिसतात, पण सिम्पायच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. एकातून दुसरा वजा करून बघ, शून्य येत नाही. उकल मागितलीस नव्या टीची, आणि तो त्या समीकरणात होताच कुठे?

चलाबद्दल जे गृहीत धरायचं ते त्याचं नाव ठेवतानाच. मध्येच विचार बदलला, तर समीकरणही नव्यानं मांडायचं.

पण पॉझिटिव्हची एवढी घाई का? तुझंच गणित घे. गच्ची २० मीटर उंच, चेंडू सरळ वर १५ मीटर प्रतिसेकंद, जी १० धरलास. म्हणजे २० + १५टी − ५टी² = ०. साध्या टीला दोन उत्तरं, ४ आणि −१. पॉझिटिव्ह टीला नुसतं ४, आणि एक मूळ गाळलं हे सिम्पाय सांगतही नाही. ते −१ टाकाऊ नाही बरं! कुणी एक सेकंद आधी खालून, जमिनीवरून, २५ च्या वेगानं चेंडू उडवला असता, तर तो तुझ्या हातापाशी बरोबर १५ च्या वेगानं पोचला असता. खोडायचं तर खोड, पण बघून खोड.

जमिनीवरूनच फेकलास, तर शून्य हेही उत्तर. पॉझिटिव्ह त्यालाही हाकलतं. तिथं नॉननिगेटिव्ह लिही.

उलट, लोलकाच्या दोरीची लांबी आली की बिनधास्त पॉझिटिव्ह म्हण. नाहीतर वर्गाचं वर्गमूळ तसंच लोंबकळत राहतं, कारण न सांगितल्यास चल सदसत् संख्याही असू शकतं असं सिम्पाय धरून चालतं. मी मात्र एकदा विस्थापनालाच पॉझिटिव्ह ठरवलं होतं. अर्धा झोका गायब, आणि दोन दिवस चूक शोधत बसले आकडेमोडीत!

रविवारी फोन कर. त्याआधी नोटबुक रीस्टार्ट करून पहिल्या ओळीपासून चालव, जुना टी आत दडून बसलेला असतो.

तुझी,
आत्या